फुकटची हवा पडली दीड हजाराला

पूर्व द्रुतगती मार्गावरच्या एका पंपावर मला १,५०० रुपयांचा चुना लागला. पेट्रोलमध्ये नाही हं. तिथे मी खाली उतरून मीटरचं शून्य बघतो, बोलण्यात गुंतवणाऱ्या दुसऱ्या पोऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. मला गंडवलं हवेवाल्याने.

‘साब, पीछे कील है.’ आईची डॉक्टरकडची वेळ टळत होती, ती मागे घामाघूम. म्हटलं, काढ. त्याने साबणाचं पाणी मारलं, एक बुडबुडा आला. फडकं फिरवलं, दुसरा. मग तिसरा, चौथा. दरवेळी आधी फडकं, मग बुडबुडा! फडक्याखाली टोचा होता, दुसरं काय. आणि मशीनवर सुरुवातीला हवेच्या दाबाचा ३१ चा आकडा मी स्वतः वाचला होता. चार भोकं पडलेल्या टायरात ३१ हवा राहते होय? पण आई ‘किती वेळ रे’ करत असताना हा हिशेब कुणाला सुचतो, सांगा.

मशरूमचे (म्हणजे भोकात बसणारं छत्रीसारखं रबरी ठिगळ) ३५० प्रमाणे चारांचे १,४००, व्हॉल्व्हचे १००. सगळे रोख. बिल मागितलं तर हसला. रोजच्या टायरवाल्याने उघडून दाखवलं: मशरूम कसला, साधी रबरी दोरी बाहेरून खुपसलेली. अहो, मशरूम आतून बसवतात, टायर रिमवरून उतरवावा लागतो. याने तर चाकही काढलं नव्हतं. चाक जागेवर आणि भाव मशरूमचा, तर सरळ भांडा. साबणाचं पाणीही स्वतःच्या हाताने मारा.

मॅनेजर म्हणे, ‘तो आमचा माणूस नाही.’ आवार तुमचं, मशीन तुमचं, फक्त माणूस तेवढा परका! तक्रारवही मागितली तर कपाटाची किल्ली शेठकडे. (वही मागेल त्याला द्यावीच लागते, सोडू नका.) चौकीत गेलो तर ‘हद्द आमची नाही’. दुसऱ्या चौकीत ‘दीड हजारासाठी कशाला डोक्याला ताप?’ मग किती हजारांपुढची फसवणूक नोंदवता, त्याची पाटी तरी लावा बाहेर! एकाने तर मलाच ऐकवलं, ‘शिकलेले दिसता.’

हवा पंपावर फुकट असते. ती घ्या, निघा. टायरातली हवा भराभर जात नसेल तर पंक्चर ओळखीच्या दुकानात काढा. आणि पैसे यूपीआयनेच द्या, निदान घेणाऱ्याचं नाव तरी राहतं.

शेवटी एका सरकारी कार्यालयात लेखी अर्ज घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी तो उलटा करून पाहिला आणि विचारलं, ‘बिल कुठंय?’