देणगीदारांच्या आभारपत्रांसाठी हातकागदाची कार्डं घ्यावीत का?

आमच्या ट्रस्टने जानेवारीत अभ्यासिकेसाठी निधी जमवायला एक कार्यक्रम केला, देणगीदार सव्वाशेच्या आसपास झाले. मीटिंगमध्ये एका काकूंनी स्पष्टच सांगितलं की या वेळी फुलांच्या फोटोवर 'आभारी आहोत' लिहून ग्रुपवर ढकलायचं नाही, पैसे दिलेत लोकांनी, पत्र गेलं पाहिजे. पटलं सगळ्यांना, मग कार्डं आणायचं काम आलं माझ्याकडे.

पुण्यातल्या एबीसीतल्या, म्हणजे अप्पा बळवंत चौकातल्या, एका स्टेशनरीच्या दुकानातून हातकागदाची कोरी कार्डं आणि मॅचिंग पाकिटं घेतली. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण पुढे थोडी कुरकुर आहे. बाकी हातकागद पुण्याला काही नवीन नाही, शिवाजीनगरची हातकागद संस्था 1940 पासूनची आहे. हा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, सुती चिंध्या आणि होजिअरीची कात्रणं कुटून करतात, सुताचे धागे लांब असतात म्हणून घडी घातली तरी घडीवर तुटत नाही. हातात घेतलं की साध्या कार्डापेक्षा वेगळं आहे हे लगेच कळतं, कडा जरा ओबडधोबड, रंग मळकट पांढरा, उगाच चकचकीत नाही. सोनेरी अक्षरात 'थँक यू' छापलेली पण होती, ती अजिबात घेऊ नका, लग्नाच्या आहेराच्या पाकिटासारखी दिसतात.

आता लिहिण्याचं. फाउंटन पेन विसरा, शाई फुटते, वेलांट्या-उकार सगळे पसरतात आणि जोडाक्षर तर वाचताच येत नाही. जेल पेन ठीक आहे पण वाळायला वेळ द्यावा लागतो, एकावर एक रचलीत तर डाग पडणार. साधं बॉलपेन सगळ्यात बेस्ट, जरा दाबून लिहावं लागतं इतकंच. प्रिंटरमध्ये घालायचा विचार करत असाल तर नको, जाडी सगळीकडे सारखी नसते, अडकतो. आम्ही म्हणून सगळी हातानेच लिहिली, चार जण वाटून, आणि खरं सांगू का त्यामुळे मजकूर सुधारला. छापायचं असतं तर 'आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल' वगैरे सगळ्यांना एकच गेलं असतं. हाताने लिहिताना आपोआप सुचतं की या आजींनी त्यांच्या यजमानांच्या स्मृतीसाठी दिलेत, यांनी दोन टेबलांचे दिलेत, ते लिहायला पाहिजे. चारपाच ओळीच पण त्यांच्या पैशाचं काय झालं ते त्यात आलं. आणि खाली 'पुढेही असाच लोभ' च्या नावाखाली परत पैसे मागायचे नाहीत हे काकूंनी आधीच बजावलं होतं, बरोबरच आहे ते.

खरी गंमत वजनाची. साध्या टपालाला 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपये, पुढच्या प्रत्येक 20 ग्रॅमला अजून 5. मोठं कार्ड म्हणजे ए-फोरची एक घडी, 200 जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं वजन 200 ग्रॅम), त्याचंच साडेबारा ग्रॅम होतं, त्यात हातकागदाचं पाकीट आणि देणगीची पावती घातली की 20 च्या वर गेलंच. खजिनदार काकांनी घरच्या काट्यावर नमुना ठेवून बघितला म्हणून वेळेत कळलं, नाहीतर कमी तिकिटाचं पत्र नॉटपेड होऊन देणगीदाराकडूनच पैसे वसूल, म्हणजे आभार मानून वर दंड! आम्ही मोठी कार्डं बदलून निम्म्या आकाराची घेतली, पावती धरूनसुद्धा 20 ग्रॅममध्ये आरामात बसतं. दुकानदाराने बदलून दिली पण तोंड वाकडं करून, आणि लग्नपत्रिकावाल्यांसाठी ठेवलेला वजनकाटा काउंटरवरच होता, घेतानाच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

दुसरी कुरकुर पाकिटांच्या डिंकाची. चिकटतच नाही, खडबडीत कागदावर अर्धं उघडं राहतं. शेवटी घरची खळ लावली. पाकिटं साधी पांढरीच घ्या, स्वस्त पडतात आणि हलकीही.

पोस्टकार्ड 50 पैशात मिळतं, मग हा खर्च कशाला असं एका ट्रस्टींनी विचारलंच. पण पोस्टकार्डावर रक्कम लिहिता येत नाही हो, सोसायटीच्या पेटीपासून वॉचमनपर्यंत सगळे वाचणार. अंतर्देशीय अडीच रुपयात बंद जातं, बजेट कमी असेल तर ते उत्तम, फक्त आत पावती घालता येत नाही.

पावतीवरून आठवलं. लोक फोन करून विचारतात, 80जी चं, म्हणजे देणगीवरच्या आयकर वजावटीचं, काय? तर साधी पावती पत्रासोबत, आणि 10बीई हे देणगीचं सर्टिफिकेट नंतर, ट्रस्टने 10बीडी, म्हणजे आयकर खात्याला द्यायचा देणग्यांचा तपशील, भरल्यावर, त्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यावर 31 मे. हे पत्रातच एका ओळीत लिहून टाका, फोन कमी येतात. रोख 2000 च्या वर दिलेल्यांना वजावट मिळत नाही हेही पावती फाडतानाच सांगितलेलं बरं. आणि पावतीपुस्तकात पत्त्याचा रकाना पिनकोडसकट भरून घ्या, यूपीआयने आलेल्यांचे पत्ते शोधण्यात आमचा जेवढा वेळ गेला तेवढा लिहिण्यात नाही गेला.

कार्डांना चार स्टार, पाकिटांना दीड. लहान आकार मागून घ्या, गठ्ठा उघडून बघा कारण मधेच एखादं फार जाड निघतं, आणि बिल ट्रस्टच्या नावाने मागा, मागितल्याशिवाय देत नाहीत.