'ब्रॅकिश कॉम्बो': एका पिशवीत तीन टाक्यांचे मासे

दोन हिरवे ठिपकेदार पफर, दोन मोनो, दोन स्कॅट, चार बंबलबी गोबी आणि अर्धा किलो मीठ. मुंबईतल्या एका दुकानात हा संच 'निमखाऱ्या पाण्याची तयार टाकी' म्हणून मिळतो. मासे तंदुरुस्त आहेत: पोटं भरलेली, पंख शाबूत. तरीही पाचपैकी दोनच गुण, कारण हे मासे एकत्र नांदणार नाहीत.

खाडीतले सगळे मासे एकाच पाण्याचे नसतात. तीन-चार सेंटिमीटरच्या गोबीला 1.002 ते 1.006 एसजी (विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाणी किती खारं त्याचं माप) पुरते. हिरवा पफर पिल्लू असताना 1.005 वर खूश असतो, पण 15 सेंटिमीटरचा होईपर्यंत त्याला बरंच खारं पाणी लागतं. मोनो आणि स्कॅट दुकानात रुपयाच्या नाण्याएवढे दिसतात. पुढे मोनो 20-25 सेंटिमीटरचा होतो, स्कॅट त्याहून थोराड, आणि दोघांनाही मोठेपणी जवळपास समुद्राचंच पाणी हवं. त्यात मोनो कळपातला. दोनच ठेवले तर एक दुसऱ्याला जगू देत नाही; निदान पाच-सहा हवेत, म्हणजे टाकीही पाचशे लिटरच्या पुढची.

क्षारतेचा हा पेच येईपर्यंत पफर थांबत नाही म्हणा. गोबी त्याच्या पोटात जातात आणि मोनोचे लांब पंख कुरतडले जातात. पफर एकटाच ठेवावा, दीडशे लिटरला एक. त्याचे दात सतत वाढतात, म्हणून छोट्या तिसऱ्या (खाडीतले शिंपले) कवचासकट द्याव्यात, आधी दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून. नुसत्या सोललेल्या कोलंबीवर ठेवला तर दात इतके वाढतात की तोंड मिटत नाही आणि मासा उपाशी मरतो.

संचातली सगळ्यात वाईट गोष्ट मात्र मीठ. पुडीवर 'ॲक्वेरियम सॉल्ट' लिहिलंय, म्हणजे निव्वळ सोडियम क्लोराइड. इथे समुद्री टाकीचं मरीन सॉल्टच हवं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पीएच टिकवणारे कार्बोनेट असतात. मुंबईचं नळाचं पाणी मऊ, त्यात साध्या मिठाने पीएच सावरत नाही. 1.005 साठी लिटरला अंदाजे 7 ते 9 ग्रॅम मरीन सॉल्ट बादलीत पूर्ण विरघळवून मगच टाकीत ओतावं. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) बरा. प्लास्टिकच्या हायड्रोमीटरच्या काट्याला बुडबुडा चिकटला की आकडा खोटा चढतो. क्षारता आठवड्याला 0.002 पेक्षा जास्त वाढवू नये, नाहीतर फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात आणि अमोनिया चढतो. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी गोड्या पाण्यानेच भरावं. पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं.

याच पैशांत जमणारा मेळ सांगायचा तर 80 लिटर, 1.003 ते 1.005, आठ गोबी आणि चार मॉली. गोबी कोरडं खाद्य सहसा तोंडात घेत नाही आणि मॉली हावरट, तेव्हा आर्टेमिया (माशांना खाद्य म्हणून देतात ते बारीक खाऱ्या पाण्यातले जीव) ड्रॉपरने तळाशी, गोबींच्या पुढ्यात सोडावा. लपायला शिंपले, मडक्याचे तुकडे. गोबींऐवजी नारिंगी क्रोमाइडची जोडी मॉलींसोबत चांगली जमते. हा मासा आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचा, सात-आठ सेंटिमीटरचा. फक्त अंडी घातली की जोडी अर्धी टाकी अडवते.

दुकानदार संच फोडून सुटे मासे देतो. गोबी घ्या, पुडी परत करा.