फुजी घ्यावा की मेयॉन?

चित्र डोंगराचं हवं आणि तो डोंगर ज्वालामुखीच हवा, असं ठरवून मी वर्षभरात पेंट बाय नंबर्सची, म्हणजे कापडावर छापलेल्या कप्प्यांत आकड्यांप्रमाणे रंग भरायची, दोन किट पूर्ण केली. एक फुजीचं, दुसरं मेयॉनचं. आकार, रंग, कापड सगळं जवळपास सारखं, त्यामुळे फरक उरतो तो चित्राचा. तो मला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला.

फुजी बघताक्षणी आवडतो, याबद्दल वाद नाही. ३,७७६ मीटरचा डोंगर, माथ्यावर बर्फ, पायथ्याशी तळं आणि तळ्यात उलटा पडलेला तोच डोंगर. १७०७ नंतर त्याचा उद्रेक झालेला नाही. ती शांतता चित्रातही आहे. फिलिपिन्समधला मेयॉन २,४६२ मीटरचाच, पण उतार अगदी रेखीव. माझ्या किटात तो रात्रीचा आहे, अंगावरून लाव्हा उतरतोय, समोर कागसावाच्या चर्चचा मनोरा. १८१४ च्या उद्रेकात ते चर्च गाडलं गेलं, मनोरा तेवढा उभा राहिला.

साताऱ्यात रोज गच्चीवरून अजिंक्यतारा बघणाऱ्याला हे दोन्ही आकार नवे वाटतात. सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून येऊन थरावर थर पसरत गेला. म्हणून आपल्याकडे पायऱ्यापायऱ्यांचे कडे आणि वर सपाट माथे. फुजी-मेयॉनमध्ये लाव्हा आणि राख एकाच तोंडाभोवती साचत गेली, त्याचा शंकू झाला. हे एकदा लक्षात आलं की उतार रंगवताना ब्रश आपोआप वरून खाली ओढला जातो. आडवा फिरवलात तर डोंगर आपल्याकडचा दिसायला लागतो.

माझा निकाल मात्र लागला तो आकड्यांवरून. कापडावर छापलेले आकडे फिक्या रंगाखालून दिसत राहतात, आणि फुजीत फिके रंगच जास्त. बर्फाच्या डाव्या उतारावर एक ७ आहे. पांढऱ्याचा पहिला हात दिला, ७ स्वच्छ वाचता येत होता. वाळू दिला, दुसरा हात दिला. फिका झाला, गेला नाही. चौथ्या हातानंतर दिवसा दिसेनासा झाला, पण संध्याकाळी ट्यूबलाइटचा उजेड तिरका पडला की पुन्हा हजर. त्यात तळ्यातल्या प्रतिबिंबामुळे तोच बर्फ खाली दुसऱ्यांदा रंगवायचा. पांढऱ्याची डबी अर्ध्यावरच संपली, म्हणून राजवाड्याजवळून पांढऱ्या ॲक्रिलिकची ट्यूब आणली. आत्या आली तेव्हा चित्र हातात घेऊन तिने पहिलं हेच विचारलं, "बर्फात हे सात कशाला रे ठेवलंस?"

मेयॉनमध्ये हा त्रास जवळजवळ नाही. काळा, गडद निळा, तांबडा हे रंग बहुतेक एका हातात आकडा झाकतात. पिवळा झाकत नाही, पण पिवळे कप्पे अगदी मोजके, लाव्हा सगळ्यात तापलेला असतो तिथे, तोंडाशी. तिथून नारिंगी, मग लाल, मग काळपट, असा तो निवत खाली येतो, आणि त्या क्रमानेच रंगवत गेलं तर हात छान बसतो. कप्पे मात्र तांदळाच्या दाण्याएवढे. चष्म्याशिवाय जमत नसेल किंवा रात्रीच वेळ मिळत असेल, तर कदाचित तुम्हाला फुजीच सोपा जाईल.

फुजी घेणार असाल तर पांढरी ट्यूब सोबतच घ्या आणि बर्फातले आकडे सुरुवातीलाच तिने झाका. कुठला आकडा कुठे होता ते किटातल्या कागदी नकाशावर सापडतं. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली डबी उघडी ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात रंगावर लगेच साय धरते.

मेयॉन सध्या हॉलमध्ये लावलाय. फुजी आत्याने मागितलाय. तिच्याकडे पाठवण्याआधी त्या ७ वर पाचवा हात द्यायचाय.