कासवं 'हमखास' दाखवणारा माणूस

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात आली: 'वेळास (जि. रत्नागिरी) कासव महोत्सव, २६ जानेवारीची जोडून सुट्टी, नाशिकहून बस, दोन रात्री, घरगुती जेवण, पिल्लं समुद्रात जाताना १०० टक्के दिसणार.' माणशी २,८००. आम्ही पाच जण, म्हणजे १४,००० रुपये, सगळे आगाऊ. क्यूआर स्कॅन केला तर भलत्याच बाईंचं नाव. विचारलं, तर जाहिरातवाला म्हणाला, "वहिनींचं खातं आहे साहेब." बायको म्हणाली, जरा थांबा. मी कसला थांबतोय! पोराने कासवाचं चित्र काढून फ्रिजला चिकटवलंसुद्धा होतं.

चार दिवसांनी पावती मागितली, ती 'पाठवतो पाठवतो' करत आलीच नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी फोन: बस रद्द, तुमच्या गाडीने या, डिझेलचे पैसे तिथे देतो. तरीही गेलो. कसारा, महाड, मंडणगड, अंग आंबून गेलं.

वेळासला ज्या काकूंच्या घराचा पत्ता दिला होता, त्यांच्या वहीत आमचं नावच नव्हतं. त्या माणसाचा त्यांना कधी फोनही आला नव्हता. "असे आलेले तुम्ही तिसरे," एवढंच म्हणाल्या आणि आमच्यासाठी भात टाकायला आत गेल्या.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. जाळीचं कुंपण, आत वाळूत राखलेली घरटी, प्रत्येकापाशी तारीख आणि अंड्यांच्या आकड्याची पाटी. सगळ्यात जुनी पाटी ९ जानेवारीची, अंडी ११८. तिथला कासवमित्र म्हणाला, "ऑलिव्ह रिडलेची अंडी फुटायला ४५ ते ५५ दिवस. मोजा तुम्हीच." बोटांवर मोजले. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, नाहीतर मार्चच उजाडणार. महोत्सवाच्या तारखाही याच हिशोबाने ठरतात, आणि तरी एखाद्या सकाळी घरट्यावरची टोपली उचलावी तर खाली नुसती वाळू. २००२ पासून तिथे अंडी राखतात, पण 'शंभर टक्के' असं कोणी म्हणत नाही. पोरगं कुंपणाला नाक लावून अंधार पडेपर्यंत उभं होतं.

जाहिरातवाल्याला फोन लावला. "साहेब, निसर्गाची गॅरंटी कुणी देतं का?" हे वर तोच मला ऐकवतो! पाच मिनिटांत ग्रुपवरची जाहिरात डिलीट. बायकोने स्क्रीनशॉट काढून ठेवला होता म्हणून बरं. कॉलेज रोडवरच्या 'ऑफिस'चा पत्ता मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्याचा निघाला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तो नाशकात परतल्यावर. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर गोठवता येतात. म्हणजे पावती टाळली त्याच दिवशी करायला हवा होता. तक्रार नोंदवली आहे, रुपया आलेला नाही. काकूंचा नंबर मात्र आता माझ्याकडे आहे, थेट.

परवा सिडकोतल्या मेहुणीने तिच्या ग्रुपवर आलेली जाहिरात पाठवली. तोच फोटो, तेच '१०० टक्के', नाव वेगळं. तारीख २५ डिसेंबर.