आयकराचं ई-फायलिंग पोर्टल: आयते आकडे आणि त्यातल्या खाचाखोचा

वर्षभर एकच नोकरी, एकच घर आणि बँकेच्या व्याजापलीकडे दुसरं उत्पन्न नाही, अशा पगारदाराने रिटर्न भरून घ्यायला कुणाला पैसे मोजायची गरज नाही. आयकर खात्याचं पोर्टल हे काम फुकट करतं आणि आता बऱ्यापैकी करतं. जून २०२१ मध्ये इन्फोसिसने बांधलेलं हे पोर्टल सुरू झालं तेव्हा लॉगिनपासूनच बोंब होती. ते दिवस गेले. शेवटच्या दोन-तीन दिवसांत मात्र ते अजूनही धापा टाकतं. २०२५ साली मुदत आधी ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली आणि शेवटच्या दिवशी पोर्टल रखडल्याच्या तक्रारींनंतर आणखी एक दिवस वाढवून मिळाला.

इथले आकडे आर्थिक वर्ष २०२४-२५, म्हणजे असेसमेंट इयर (कर आकारणीचं वर्ष) २०२५-२६ च्या रिटर्नचे आहेत. पुढच्या वर्षांसाठी दर आणि मर्यादा तपासून घ्याव्यात. अडचणींची जात तीच राहते.

पोर्टलची सर्वात मोठी सोय म्हणजे फॉर्म उघडला की पगार, टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर), व्याज, लाभांश हे सगळं आयतं भरून येतं. लोक फसतात तेही इथेच. हे आकडे कंपनी, बँक, म्युच्युअल फंड यांनी खात्याला कळवलेले असतात. त्यांनी चुकीचं कळवलं असेल तर फॉर्ममध्येही चुकीचंच येणार, आणि सही मात्र तुमची. म्हणून फॉर्म १६ (पगार आणि टीडीएसचा कंपनीचा दाखला), २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टीडीएसची खात्याकडची नोंद) आणि एआयएस (तुमच्या उत्पन्नाची आणि व्यवहारांची खात्याकडची यादी) हे तिन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय 'पुढे'चं बटण दाबू नये. एआयएसची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो: पॅन लहान अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकडी, मध्ये जागा न सोडता.

एप्रिलमध्येच रिटर्न भरून मोकळं होण्याची घाई करू नये. जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचं विवरण भरायला कंपन्यांना ३१ मेपर्यंत मुदत असते आणि फॉर्म १६ द्यायला १५ जूनपर्यंत. त्याआधी भरलं तर शेवटच्या तिमाहीचा टीडीएस २६एएसमध्ये नसतो, आणि तुम्ही मागितलेला परतावा व खात्याकडची नोंद जुळत नाही. जूनचा उत्तरार्ध ते जुलैचा मध्य हा काळ उत्तम.

एआयएसमध्ये व्याजाच्या नोंदी नीट वाचाव्या लागतात. आई-वडिलांच्या पैशांची एफडी, पण पावतीवर पहिलं नाव मुलाचं, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. बँक व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर कळवते, त्यामुळे वडिलांच्या ठेवीचं व्याज मुलाच्या एआयएसमध्ये उगवतं. तिथे त्या ओळीवर प्रतिसाद नोंदवता येतो: माहिती बरोबर आहे, पूर्ण बरोबर नाही, दुसऱ्या पॅनची किंवा दुसऱ्या वर्षाची आहे, दोनदा आली आहे, अमान्य आहे. प्रतिसाद नोंदवला तरी खात्याचं समाधान होईलच असं नाही, म्हणून पैसे वडिलांच्या खात्यातून गेल्याचा उतारा जपून ठेवावा. उलट बाजूही आहे. पतपेढीतल्या ठेवीचं व्याज एआयएसमध्ये प्रत्येक वेळी दिसतंच असं नाही, पण ते करपात्र असतंच. यादीत नाही म्हणून सोडून देणं हे कारण कुठेही चालत नाही. आणखी एक गल्लत: कलम ८०टीटीएची दहा हजारांची सूट फक्त बचत खात्याच्या व्याजावर, एफडीच्या नाही. एफडीच्या व्याजालाही वजावट मिळते ती ज्येष्ठ नागरिकांना, ८०टीटीबीखाली पन्नास हजारांपर्यंत. दोन्ही जुन्या करप्रणालीतच (तिथे वजावटी जास्त पण दर चढे, नवीत उलट).

करप्रणाली निवडायचा प्रश्न हा या पोर्टलचा सर्वात वाईट लिहिलेला भाग. काही निवडलं नाही तर आता नवी करप्रणालीच लागू धरली जाते, म्हणून फॉर्म विचारतो की तुम्हाला तिच्यातून बाहेर पडायचं आहे का. 'हो' म्हणजे जुनी, 'नाही' म्हणजे नवी. घाईत वाचणारा माणूस 'नवी हवी' या अर्थाने 'हो' दाबतो आणि जुन्या प्रणालीत जाऊन बसतो. उत्तर दिल्यावर लगेच कराच्या सारांशात जाऊन प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) बघावी: ७५,००० दिसली तर तुम्ही नव्या प्रणालीत आहात, ५०,००० दिसली तर जुन्या. महाराष्ट्रात पगारातून कापला जाणारा वर्षाचा २,५०० रुपयांचा व्यवसाय करही जुन्या प्रणालीतच वजा होतो. पगारदाराला हा पर्याय दरवर्षी रिटर्नमध्येच बदलता येतो, पण मुदतीच्या आत. उशिरा भरलेल्या रिटर्नमध्ये जुनी प्रणाली मिळत नाही. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असेल तर जुन्या प्रणालीसाठी आधी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो.

जुन्या प्रणालीत राहणाऱ्या पुणेकर भाडेकरूंची नेहमीची चूक एचआरएमध्ये, म्हणजे घरभाडे भत्त्याच्या सुटीत, असते. पुणे कितीही वाढलं तरी आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी आयकराच्या नियमात ते महानगर नाही. मूळ पगाराच्या ५० टक्क्यांचा नियम मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चारांनाच. पुण्याला ४० टक्के. बऱ्याच कंपन्या पुण्यातही मूळ पगाराच्या निम्मा एचआरए देतात, त्यामुळे लोक फॉर्ममध्ये बिनधास्त 'मेट्रो' निवडतात. फरक केवढा पडतो ते बघा. मूळ पगार महिना ५०,०००, एचआरए २५,०००, भाडं २८,०००. मिळालेला एचआरए वर्षाला ३,००,०००. भाडं ३,३६,००० वजा मूळ पगाराचे दहा टक्के ६०,००० म्हणजे २,७६,०००. मूळ पगाराचे ४० टक्के २,४०,०००. तिन्हीतली सर्वात लहान रक्कम करमुक्त, म्हणजे २,४०,०००. 'मेट्रो' निवडलं की तीच २,७६,००० होते आणि ३६,००० रुपयांची सूट फुकटची घेतली जाते. २०२५-२६ च्या फॉर्ममध्ये कामाचं ठिकाण, मूळ पगार, मिळालेला एचआरए आणि दिलेलं भाडं हे वेगवेगळ्या रकान्यांत मागितलं आहे, त्यामुळे ही चूक आता झाकली जात नाही. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर कंपनीला घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. भाडं महिना पन्नास हजारांच्या वर असेल तर भाडेकरूनेच टीडीएस कापायचा असतो, १ ऑक्टोबर २०२४ पासून दोन टक्के. बाणेर-बालेवाडीतल्या मोठ्या फ्लॅटवाल्यांना हे कुणी सांगत नाही.

त्याच फॉर्ममध्ये वजावटींचे पुरावेही तपशिलाने मागतात: कलम ८०सीसाठी (आयुर्विमा, पीपीएफसारखी बचत) पॉलिसी किंवा पावतीचा क्रमांक, ८०डीसाठी (आरोग्य विमा) विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक, गृहकर्जासाठी बँकेचं नाव, खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, शिल्लक रक्कम. एक रकाना रिकामा राहिला की फॉर्म पुढे सरकत नाही आणि चूक नेमकी कुठे आहे ते सांगण्यात पोर्टल कंजूष आहे. कागद आधी काढून ठेवणं हाच उपाय.

गृहकर्जाचं एक. रावेत-ताथवड्याकडे बांधकाम चालू असताना घेतलेल्या फ्लॅटच्या ताब्याआधीचं व्याज बुडत नाही. घर पूर्ण झालं त्या आर्थिक वर्षाआधीच्या ३१ मार्चपर्यंत भरलेलं व्याज एकत्र करून, घर पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच समान हप्त्यांत घ्यायचं. असं व्याज चार लाख असेल तर दरवर्षी ८०,०००. राहत्या घराला त्या वर्षाच्या व्याजासकट दोन लाखांची कमाल मर्यादा, तीही जुन्या प्रणालीतच. बँकेचा दाखला फक्त चालू वर्षाचा असतो आणि पोर्टलला मागची वर्षं ठाऊक नसतात, म्हणून ही बेरीज आपली आपणच करायची.

आता हिंजवडी-खराडीतला नेहमीचा झटका: वर्षाच्या मध्यावर बदललेली नोकरी. समजा पहिल्या कंपनीत सहा लाख मिळाले, दुसरीत सात लाख. नव्या करप्रणालीत दोघींनी आपापल्यापुरता हिशेब केला, दोघींनी ७५,००० वजा केले, दोघींकडे उत्पन्न सात लाखांच्या आत आलं आणि कलम ८७एच्या सवलतीमुळे कर शून्य. एकत्र केल्यावर १३,००,००० वजा ७५,००० एकदाच, म्हणजे १२,२५,०००. कर ८५,०००, त्यावर चार टक्के सेस ३,४००, एकूण ८८,४०० रुपये. जुलैमध्ये भरलं तर कलम २३४बी आणि २३४सीखालचं, म्हणजे आगाऊ कर न भरल्याचं, व्याज मिळून आणखी सुमारे आठ हजार. पोर्टल इथे काही चुकत नाही, ते फक्त जुलैमध्ये खरं सांगतं. नव्या कंपनीत रुजू होताना फॉर्म १२बीमध्ये जुना पगार कळवला असता तर हा कर महिन्या-महिन्याला कापला गेला असता.

हा कर 'ई-पे टॅक्स'मधून भरताना 'सेल्फ असेसमेंट टॅक्स', म्हणजे कोड ३००, निवडायचा. वर्षाची गल्लत फार होते: २०२४-२५ मध्ये मिळवलेल्या उत्पन्नाला असेसमेंट इयर २०२५-२६ लागतं. चुकलं तर पोर्टलवरच चलन दुरुस्तीची विनंती करता येते, पण वर्ष बदलायचं असेल तर पैसे भरल्यापासून सात दिवसांत. भरल्यावर बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), चलन क्रमांक आणि तारीख रिटर्नमध्ये चढलेली आहे का ते बघावं. पैसे भरूनही 'कर बाकी' दिसण्याचं कारण बहुधा इथेच सापडतं.

शेअर आणि म्युच्युअल फंडवाल्यांसाठी फॉर्मची निवड महत्त्वाची. सूचिबद्ध शेअर आणि इक्विटी फंडांवरचा दीर्घकालीन नफा सव्वा लाखापर्यंत असेल आणि मागच्या वर्षांतून ओढून आणलेला किंवा पुढे न्यायचा तोटा नसेल तर असेसमेंट इयर २०२५-२६ पासून आयटीआर-१ हा सर्वात साधा फॉर्म चालतो. एक रुपयाचा अल्पकालीन नफा आला की आयटीआर-२. इंट्राडे किंवा फ्युचर्स-ऑप्शन्स केले की आयटीआर-३. एका योजनेतून दुसऱ्या योजनेत 'स्विच' केलं तर तीही विक्रीच, हातात पैसा आला नाही तरी. आणि २३ जुलै २०२४ ही तारीख लक्षात ठेवा: त्या दिवसापासून या शेअर-फंडांवर अल्पकालीन दर १५ चा २० टक्के आणि दीर्घकालीन १० चा १२.५ टक्के झाला, म्हणून आधीचे आणि नंतरचे व्यवहार वेगळे दाखवावे लागतात. तोटा पुढच्या वर्षांत वापरायचा असेल तर रिटर्न मुदतीतच हवं. चुकीचा फॉर्म भरला की कलम १३९(९)ची 'सदोष रिटर्न' नोटीस येते, उत्तराला पंधरा दिवस.

अमेरिकी मूळ कंपनीचे शेअर मिळालेल्यांनी मात्र या पोर्टलच्या साधेपणावर अजिबात विसंबू नये. एकही परदेशी शेअर नावावर असेल तर आयटीआर-१ बाद. शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायचं, आणि ते आर्थिक वर्षाचं नव्हे तर कॅलेंडर वर्षाचं, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर २०२४. त्या वर्षात विकून टाकले असले तरीही दाखवायचे. तिकडे लाभांशावर कापलेला कर इथे वळता करून घ्यायला फॉर्म ६७ वेगळा. हे आयतं काहीच भरून येत नाही. इथे चार्टर्ड अकाउंटंटची फी द्यावी, निदान पहिल्या वर्षी तरी. नमुना हाती आला की पुढे स्वतःचं स्वतः जमतं.

रिटर्न 'सबमिट' केलं म्हणजे भरलं असं नाही. तीस दिवसांत पडताळणी हवी. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीने दोन मिनिटांचं काम. नसेल तर नेटबँकिंग, पूर्वप्रमाणित बँक किंवा डीमॅट खात्यावरचा कोड, नाहीतर सही केलेला आयटीआर-व्ही (रिटर्नची पोच) बंगळुरूच्या सीपीसीला, म्हणजे खात्याच्या रिटर्न तपासणाऱ्या केंद्राला, टपालाने. तीस दिवस उलटले तर पडताळणीची तारीख हीच रिटर्नची तारीख धरली जाते, आणि मुदत गेलेली असेल तर कलम २३४एफची उशिराची फी लागते: पाच हजार, उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर एक हजार. पडताळणीआधी चूक दिसली तर रिटर्न 'डिस्कार्ड' करता येतं, ही सोय खरोखर चांगली आहे. नंतर दिसली तर ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित रिटर्न.

परतावा अडकण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. बँक विलीन होऊन आयएफएससी बदललेला, खातं पूर्वप्रमाणित केलं पण 'परताव्यासाठी' निवडलेलं नाही, पॅन आधारला जोडलेला नाही, किंवा नाव जुळत नाही. पॅनवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आणि बँकेत नुसतं नाव-आडनाव, किंवा लग्नाआधीचं आडनाव एकीकडे आणि नंतरचं दुसरीकडे. खातं दुरुस्त करून पुन्हा प्रमाणित करायचं आणि 'रिफंड रीइश्यू'ची विनंती टाकायची. नुसती वाट बघून तो येत नाही. सीपीसीचा १८०० १०३ ००२५ हा टोल फ्री नंबर नोंद कुठे अडली ते सांगतो, दुरुस्ती मात्र तुम्हालाच करावी लागते. पॅनवरचंच नाव चुकीचं असेल तर पोर्टल त्यात काही करू शकत नाही; तो अर्ज प्रोटीनकडे किंवा यूटीआयकडे, म्हणजे पॅनची कामं करणाऱ्या कंपन्यांकडे, करायचा. यातल्या प्रोटीनकडे देशभरातून जाणारे कागद पुण्यातच, बाणेर रस्त्यावर येतात. ऑनलाइन अर्ज आधार ओटीपीने केला तर तेही पाठवावे लागत नाहीत.