होथचा क्लिफ वॉक: गाईड नको, नीट प्लॅन करून जा

मे महिन्यात आईबाबा डब्लिनला आले होते तेव्हा त्यांना घेऊन होथला, म्हणजे डब्लिनजवळच्या समुद्राकाठच्या गावी गेले, माझी ही चौथी खेप होती, आणि तेव्हाच ठरवलं की ह्या वॉकबद्दल नीट लिहायचं, कारण ओळखीतले बरेच जण पैसे भरून ग्रुप टूर घेतात आणि इथे त्याची खरंच गरज नाहीये. नाव होथ असं म्हणतात बरं का, हाउथ नाही. जुन्या नॉर्स भाषेतल्या 'डोकं' अशा अर्थाच्या शब्दावरून आलंय, आणि समोरून बघितलं की पटतं, समुद्रात डोकं काढून बसलेला डोंगरच आहे तो.

डब्लिन कॉनली स्टेशनहून डार्टने (इथली लोकल ट्रेन) साधारण अर्धा तास, लीप कार्डवर (प्रवासाचं प्रीपेड कार्ड) मोठ्यांना 2 युरो. फक्त गाडीवर होथ लिहिलंय ना ते बघून चढा, होथ जंक्शनला लाइन फुटते आणि दुसरा फाटा मालाहाइडला जातो.

स्टेशनपासूनच चार रूट निघतात, खांबांवर रंगीत बाण आहेत त्यांच्या मागे जायचं बस. हिरवा 6 किमीचा, दोन तासांचा, बहुतेकांना हाच पुरतो. निळा 7, तो परत येताना जुन्या ट्रामच्या मार्गावरून येतो (ही ट्राम 1959 ला बंद झाली). लाल 8, आणि जांभळा 12 किमी, तीन तास धरा, पण आपल्यासारखे फोटो काढत, पक्षी बघत जाणारे असाल तर प्रत्येक आकड्यात आरामात तासभर वाढवा. पहिल्यांदा आले तेव्हा मी एका ऍपवरचा रूट लावून चालत होते आणि त्याने मला काटेरी झुडपांतल्या भलत्याच पायवाटेवर नेऊन सोडलं, तेव्हापासून फोन खिशात आणि नजर बाणांवर. वर काही फाट्यांवर बाण पटकन दिसत नाही हे मात्र खरं, तिथे दोन मिनिटं थांबून शोधा.

हिरव्या रूटवर आधी हार्बरच्या कडेने जाऊन बॅल्स्कॅडन रोड चढायचा (कवी येट्स शाळकरी वयात ह्याच रस्त्यावर राहायचे, घरावर पाटी आहे), मग किलरॉकला डांबरी संपून पायवाट सुरू होते. बाबांना चढावर दम लागतो म्हणून आम्ही ह्या वेळी उलटं केलं: एच3 बसने थेट होथ समिटपर्यंत, तिथून पाच मिनिटांत बेली दीपगृहाचा व्ह्यू आणि मग कड्याकडेने हळूहळू गावाकडे, बहुतेक उतारच. सोबत वयस्कर माणसं असतील तर मी हेच सांगेन. बेलीचा मनोरा 1814 चा आहे, आयर्लंडमध्ये सगळ्यात शेवटी ऑटोमॅटिक झालेलं दीपगृह हेच, 1997 पर्यंत तिथे माणूस ड्यूटीवर असायचा. बाबा तिथून हलेचनात, पलीकडे अख्खा डब्लिन बे, पूलबेग वीजकेंद्राची दोन उंच धुरांडी, मागे विकलोचे डोंगर.

आता कधी जायचं हा खरा प्रश्न, कारण महिन्याप्रमाणे डोंगरच बदलतो. एप्रिल-मेमध्ये गॉर्स नावाचं काटेरी झुडूप पिवळंधमक फुललेलं असतं आणि उन्हात त्याला चक्क खोबऱ्याचा वास येतो. आई दोनदा थांबून म्हणाली, "अगं, इथे नारळ कोण खवतंय?" त्याच सुमारास कड्यांच्या कपारींत किटीवेक, रेझरबिल, गिलिमॉट हे समुद्रपक्षी घरटी करून बसलेले असतात, नोज ऑफ होथच्या आसपास उभं राहिलं की खालून नुसता कलकलाट येतो, किटीवेक स्वतःचंच नाव ओरडतो. दुर्बीण न्याच. समोरच्या आयर्लंड्स आय बेटाच्या एका सुळक्यावर चुना सांडल्यासारखं दिसतं, ते गॅनेट पक्षी. ऑगस्टपर्यंत किटीवेक निघून गेलेले असतात पण तेव्हा जांभळं हेदर फुलतं, म्हणजे पक्षी की फुलं ते आधी ठरवा. 2021 मध्ये गॉर्स खायला जुन्या आयरिश जातीच्या शेळ्या आणून सोडल्यात, वणवे कमी लागावेत म्हणून, काय सुंदर कल्पना आहे ना! आम्हाला दिसल्या नाहीत, पुढच्या वेळी दिसतील.

आता जपायचं कुठे ते. पायवाट अरुंद, दगडाळ, कड्याच्या बाजूला कठडा नाही आणि काही ठिकाणी कडा ढासळलेली आहे, म्हणून समोरून कोणी आलं की डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं, लहान मुलांचा हात सोडायचा नाही आणि बाबागाडी तर नकोच. मेट एरनवर (आयर्लंडचं हवामान खातं) नुसता पाऊस बघू नका, वारा बघा, वॉर्निंग असेल त्या दिवशी जाऊच नका. ग्रिपवाले बूट, विंडचीटर, पाणी, आणि टॉयलेट गावातच उरकून निघा, वाटेत नाही. डिसेंबरात चार-सव्वाचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा सकाळीच जा. ऊन पडलेल्या रविवारी दुपारी एवढी गर्दी असते की अरुंद वाटेवर रांग लागते, त्यासाठी मी अर्धा मार्क कापते. पाचपैकी साडेचार.

खाली उतरल्यावर वेस्ट पिअरला नक्की जा, हार्बरमध्ये ग्रे सील असतात, त्यांना खायला घालू नका, नुसते बघा. आमच्या समोर एक म्हातारा सील पाण्यातून मान वर काढून आईकडे बघत राहिला आणि आई त्याच्याकडे, तिच्यासाठी आम्ही दोन डार्ट सोडल्या.