व्याख्यान मध्येच का थांबते? साउंड असिस्टंट वापरल्यानंतर

फोनवर व्याख्यान ऐकता ऐकता मी बातम्यांचे एक अ‍ॅप उघडले की त्यातली चित्रफीत आपोआप सुरू होई आणि व्याख्यान थांबे. एवढेच नव्हे, तर चित्रफीत संपल्यावरही ते मला हाताने पुन्हा चालू करावे लागे. बरेच दिवस मी व्याख्यानाच्या अ‍ॅपलाच दोष देत होतो, पण चूक त्याची नव्हती.

अँड्रॉइडमध्ये २०१० सालच्या २.२ या आवृत्तीपासून ‘ऑडिओ फोकस’ नावाची व्यवस्था आहे. आवाज सुरू करण्यापूर्वी अ‍ॅपने प्रणालीकडे फोकस, म्हणजे आवाज करण्याची पाळी, मागावा आणि तो कायमचा हवा, थोड्या वेळापुरता हवा की दुसऱ्याचा आवाज हळू केला तरी पुरेल, हेही सांगावे, अशी तिची रीत आहे. नकाशाचे अ‍ॅप वळण सांगते तेव्हा गाणे न थांबता फक्त हळू होते, ते या तिसऱ्या मागणीमुळे. बातम्यांच्या अ‍ॅपने मात्र अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीसाठी फोकस कायमचा मागितला असावा, आणि तसा तो गेला की आपणहून पुन्हा सुरू न होणे हेच व्याख्यानाच्या अ‍ॅपकडून अपेक्षित असते. अँड्रॉइड ८ पासून आवाज हळू करण्याचे आणि १२ पासून फोकस गमावलेल्या अ‍ॅपचा आवाज विरवून टाकण्याचे काम प्रणाली स्वतः करू लागली; ऐकणाऱ्याला काय हवे, हे मात्र या व्यवहारात कोणी विचारत नाही.

सॅमसंगचे साउंड असिस्टंट हे अ‍ॅप ते विचारते, म्हणून मला ते आवडले. त्यातल्या ‘मल्टी साउंड’मध्ये निवडलेले अ‍ॅप इतर अ‍ॅपच्या जोडीने वाजत राहते आणि प्रत्येक अ‍ॅपचा आवाज वेगवेगळा ठेवता येतो. पहिल्या दिवशी मी फक्त व्याख्यानाचे अ‍ॅप निवडले, तेव्हा व्याख्याता आणि निवेदक एकाच वेळी बोलू लागले आणि दोघांचेही काही कळेना. (गाणे आणि वाचन यांची जोडी जमते, दोन बोलणाऱ्यांची जमत नाही.) नुसता बातम्यांचा आवाज शून्यावर आणूनही भागत नाही, कारण मुके केलेले अ‍ॅपसुद्धा फोकस मागतेच आणि व्याख्यान थांबतेच. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, तेव्हा कुठे व्याख्यान अखंड ऐकता आले.

एखाद्या अ‍ॅपचा आवाज ब्लूटूथ स्पीकरवर आणि बाकी सगळे फोनवर, अशी विभागणी करणारी ‘सेपरेट अ‍ॅप साउंड’ ही सोय गॅलक्सी फोनच्या सेटिंगमध्येच असते. गाणी स्पीकरवर लावून फोन हाताळणाऱ्यांना तीच अधिक उपयोगी पडेल. साउंड असिस्टंट मात्र गॅलक्सी फोनपुरतेच आहे. आयफोनवर आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळू द्यायचा की इतरांना थांबवायचे, हे अ‍ॅप तयार करणाराच ठरवतो.